सरकती खोली आणि एक पोलादी बोल्ट

नोकरीतल्या आठवणी लिहा, असं या अंकाचे संपादक मला सहा वर्षांपासून सांगत आहेत. दर वर्षी मी त्यांना दुसरंच काही लिहून दिलं. एकदा जनरेटरच्या गमती लिहिल्या, एकदा दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी कशी चढते ते लिहिलं. जे लिहायचं होतं ते टाळलं. आता वय एक्याऐंशी आहे आणि संस्थेतल्या ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं त्यातलं कोणीच उरलेलं नाही. म्हणजे धाडस करतोय असंही म्हणता येत नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका धर्मादाय संस्थेकडे यंत्रतज्ज्ञ म्हणून होतो. संस्थेचं कार्यालय धंतोलीत होतं आणि काम खेड्यापाड्यांत मोतीबिंदूची शिबिरं घेण्याचं. परदेशातल्या कोणा देणगीदारांनी संस्थेला एक बस दिली होती. बसमध्येच ऑपरेशनची खोली होती. पण बसची रुंदी ती किती? टेबल ठेवलं की डॉक्टरला वळायला जागा नाही. म्हणून बसच्या डाव्या कुशीतला दहा फूट लांबीचा भाग भिंत, छप्पर आणि जमिनीसकट मोटरवर बाहेर सरकायचा. टेबलाचा खण बाहेर ओढावा तसा. बटण दाबलं की मोटर हलका हुंकार द्यायची आणि आख्खी खोली बसच्या पोटातून बाहेर येऊन अधांतरी थांबायची. बाहेर आली की आत चार माणसं मोकळेपणी वावरायची.

मुंबईहून बस आली त्या दिवशी आवारात मी पहिल्यांदा बटण दाबलं. डिप्लोमा झालेला, बत्तीस वर्षांचा माणूस मी, पण खोली बाहेर येताना दोन पावलं मागे सरलो. नंतर शेकडो वेळा पाहिलं, तरी ते मागे सरणं मनातल्या मनात दर वेळी व्हायचं. खेड्यांत तर लोक कामं सोडून पाहायला यायचे. सावनेरकडच्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं होतं, "अवं, हे बस बाळंत होऊन राहिली का?" आमच्या डॉक्टरबाई हातमोजे घालता घालता इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा हात धुवावे लागले.

बाहेरच्या माणसासाठी हे यंत्र थोडं समजावून सांगतो. खोलीच्या तळाशी दोन टोकांना दोन दातेरी पट्ट्या होत्या. मधून एक लांब शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, जायचा, त्याच्या दोन्ही टोकांना गिअरची छोटी चाकं. मोटर शाफ्ट फिरवायची, चाकं पट्ट्यांना ढकलायची, खोली सरकायची. सगळी मेख अशी, की दोन्ही टोकं बरोबरीनं सरकली पाहिजेत. लाकडी कपाटाचा खण एकाच कडीनं ओढला की तो तिरका होऊन अडकतो, तसंच हे. फरक इतकाच, की या खणाचं वजन सात-आठ क्विंटल होतं.

आणि मोटर व शाफ्ट यांच्यामध्ये एक पितळी पिन होती. करंगळीएवढी. सबंध यंत्रात मुद्दाम कच्ची ठेवलेली ती एकच वस्तू. खोली कुठं अडली, जोर वाढला, की आधी ती तुटायची. मोटर मोकळी फिरायची आणि गिअर, शाफ्ट, पट्ट्या वाचायच्या. ज्या कोणी हे यंत्र आखलं त्यानं एवढ्या लोखंडात कुठं हार मानायची तेही आधीच ठरवून ठेवलं होतं. आज ही गोष्ट आठवली की मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. तेव्हा मात्र मला ती यंत्रातली खोट वाटायची. वारंवार तुटणारी वस्तू म्हणजे माझ्या कामावर डाग.

खोली हलली नाही की मी आधी कान द्यायचो. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर दोष विजेचा: बॅटरी, फ्यूज किंवा वायर. मोटर घुमतेय पण फिरत नाही, तर कुठं तरी अडलंय. मोटर मजेत फिरतेय आणि खोली ढिम्म, तर पिन गेली. एवढी तीन सूत्रं. पण खेड्यातली धूळ आणि खेड्यातली माणसं या सूत्रांत बसत नसत. एकदा खोली आत जायलाच तयार नव्हती. दोन तास वायरी तपासल्या. शेवटी निघालं काय, तर खोली पूर्ण बाहेर आली हे सांगणाऱ्या छोट्या स्विचमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, पिल्लांसकट. दुसऱ्या एका शिबिरात खोली आत घ्यायच्या वेळी ड्रायव्हर तुळशीराम खाली वाकला आणि त्यानं हात वर करून मला थांबवलं. खोलीच्या सावलीत काटोलचा एक संत्रेवाला टोपलीवर डोकं ठेवून घोरत पडला होता. उठवल्यावर तो आमच्यावरच चिडला. म्हणाला, छप्पर काढून घ्यायचं होतं तर आधी टांगलं काहून?

तुळशीराम मेश्राम. आता त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा होता. आधी ट्रकवर होता. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला, नागपूरच्याच इंदोरा वस्तीतला. सातवीपर्यंत शिकलेला. मी त्याला तुळशीराम म्हणायचो, अरे-तुरे करायचो. तो मला देशकर साहेब म्हणायचा. तेव्हा यात मला काही वावगं वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

गाडी लावणं आणि लेव्हल करणं हे त्याचं काम. बसच्या चार कोपऱ्यांखाली चार जॅक लागायचे. गाडीबरोबर परदेशी, बुडबुड्याची काचेची लेव्हल आली होती, पण तुळशीराम तिला हात लावायचा नाही. तो जेवणाचं स्टीलचं ताट खोलीच्या जमिनीवर मधोमध ठेवायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचा आणि उकिडवा बसून त्या पाण्याकडे पाहायचा. पाणी ताटाच्या काठापासून चहूकडे सारखं दिसेपर्यंत एकेक जॅक फिरवून यायचा. मग खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकायचा आणि मला म्हणायचा, "दाबा." खोली निघाली की हात तसाच ठेवून तिच्याबरोबर मागे चालायचा. मी एकदा त्याला चिडवलं होतं, की काय गा, नाडी पाहून राहिला का? तो म्हणाला, "होय साहेब. तुमी आवाज ऐकता, मी अंग पाहतो. तिले दुखलं का अंगात कळते."

मी हसलो होतो. ताटातल्या पाण्यानं तो जे करायचा ते माझ्या काचेच्या लेव्हलनं मी तपासायचो, लपून. एकदाही चूक सापडली नाही.

काटोलकडच्या एका गावात शिबिर होतं. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. आमच्या संस्थेचे अध्यक्ष येणार म्हणून गावकऱ्यांनी आदल्या दिवशी धूळ बसावी म्हणून टँकरनं सगळ्या मैदानावर पाणी मारलं होतं. वरून जमीन छान दिसत होती. खाली काळी माती, कापसाची. तिला पाणी लागलं की ती लोण्यासारखी होते. तुळशीरामनं गाडीतून उतरून टाच रुतवून पाहिली आणि म्हणाला, इथं नको, रस्त्याकडेच्या मुरमावर गाडी लावू. पण मांडव इकडे होता, खुर्च्या इकडे होत्या, फीत बांधलेली होती. मी म्हणालो, इथंच लाव.

त्यानं लावली. ताट ठेवलं, जॅक लावले. मी बटण दाबलं. खोली हातभर बाहेर आली आणि पिन तुटली.

नवी घातली. तीही तुटली. जवळ एकच उरली होती, ती घातली, तीही तुटली. खोली जितकी बाहेर येई तितका तिचा भार डाव्या अंगाला पडे आणि मागचा डावा जॅक मातीत बोटभर खाली जाई. मी कधी गाडीखाली पिन बदलत होतो, कधी बटणापाशी होतो, मला ते दिसत नव्हतं. तुळशीरामला दिसत होतं.

बाहेर मांडवात अठ्ठावीस पेशंट सतरंजीवर ओळीनं बसलेले. सगळ्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सहन होत नाही म्हणून पदर नाही तर उपरणं डोळ्यांवर घेतलेलं. काहींचा हा दुसरा फेरा होता, मागच्या शिबिरात नंबर लागला नव्हता. अध्यक्षांची गाडी दहाला येणार होती. साडेनऊ झाले होते.

तुळशीराम माझ्याजवळ वाकून हळू बोलला. "साहेब, पिन उगाच नाही तुटून राहिली. मागचा कोपरा बसून राहिला. मले एक तास द्या, शाळेमागं रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर पडले आहेत, ते जॅकखाली घालतो."

मी म्हणालो, "तू गाडी चालव. यंत्र माझ्याकडे दे."

पेटीत एक पोलादी बोल्ट होता, जॅकच्या हँडलचा. मापाला जवळपास बरोबर. मी कानशीनं घासून तो पिनच्या जागी बसवला. तुळशीराम बघत होता. भिंतीवर हात टेकायलाही गेला नाही, लांब उभा राहिला.

मी बटण दाबलं. या खेपेला काहीच तुटलं नाही, खोली निघाली, आणि दोन-तीन सेकंद मला फार अभिमान वाटला. मग मोटरचा आवाज जाड झाला, मागचं टोक थांबलं, पुढचं जातच राहिलं, आणि खालून कडकड असा आवाज आला. बटण सोडेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. शाफ्ट पिळला गेला होता, एका चाकाचे तीन दात उडाले होते. खोली अर्धी बाहेर, तिरकी, दारात अडकलेल्या खाटेसारखी. ऑपरेशन शक्य नाही आणि गाडी हलवणंही शक्य नाही.

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, किती वेळ लागेल? मी सांगितलं, इथं काही होणार नाही, सुटे भाग परदेशातून येतील. त्या मांडवाकडे पाहत राहिल्या. मग तुळशीराम पुढे आला आणि त्यांना म्हणाला, "बाई, मले अर्धा-पाऊण तास द्याल का?"

पुढचा पाऊण तास मी माझ्या आयुष्यात विसरलेलो नाही. त्यानं गावातल्या चार माणसांना घेऊन स्लीपर आणले. रुतलेल्या जॅकभोवतीची माती हातानं उकरली, स्लीपर आडवे टाकले, त्यावर जॅक बसवला. मग ताट घेऊन त्या तिरक्या खोलीत फटीतून पोटावर सरपटत शिरला. आतून त्याचा आवाज यायचा, "मागचा, अर्धा आटा. बस. पुढचा, पाव आटा सोडा." जॅकवर मी होतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे फिरवत होतो. यंत्रातलं मला जे काही कळत होतं त्याचा तिथं काही उपयोग नव्हता. किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग तो म्हणाला, "आता ऐका." आणि खोलीच्या तळातून "टक्" असा एक छोटा, स्वच्छ आवाज आला. खोलीचा भार वाहणारे तळाचे रूळ आपल्या खोबणीत बसले होते. सगळी खोली पाहता पाहता सरळ झाली. कोणी ढकललं नाही, ओढलं नाही. गाडीखालची जमीन सम झाली आणि खोलीला आपली जागा आठवली.

बाहेर येऊन त्यानं मला सांगितलं, "साहेब, मोटरीपासून शाफ्ट मोकळा करून द्या, बाकी हातानं होते." मी गाडीखाली गेलो आणि जोड सोडवला. तिथं मी एकटा होतो. बोल्ट वाकला होता, पण तुटला नव्हता. तो काढून मी खिशात टाकला. आणि तुटक्या पितळी पिनचे दोन तुकडे त्याच्या जागी बसवून ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं, विचारही केला नव्हता. माझे हात ते आपोआप करून मोकळे झाले.

वर तुळशीरामनं पेशंटच्या नातेवाइकांतले चार जण दोन कोपऱ्यांना कडा धरून उभे केले. आपण मधोमध, तळहात भिंतीवर. हळूच म्हणाला, "जोर नोका लावू. फक्त संगं चाला." आणि ते सात-आठ क्विंटलचं धूड पाच माणसांच्या हाताखाली आवाज न करता बाहेर आलं. मांडवात नातेवाईक उभे राहिले. औषधानं ज्यांना दिसत नव्हतं ते शेजारच्याला विचारत होते, काय झालं, काय झालं. डॉक्टरबाईंनी तुळशीरामला हात जोडले. सगळ्यांसमोर. मी ते पाहिलं.

संध्याकाळपर्यंत अठ्ठावीसही ऑपरेशनं झाली. अध्यक्ष उशिरा आले, फीत कापली, हार झाले. एक हार मलाही घातला.

पुढच्या आठवड्यात धंतोलीच्या कार्यालयात सेक्रेटरींनी माझ्याकडे लेखी रिपोर्ट मागितला. परदेशी यंत्र मोडलं होतं, भाग येईपर्यंत सात महिने बस उभी राहणार होती, देणगीदारांना उत्तर द्यायचं होतं. मी तीन ओळी लिहिल्या. वाहन समतल नसताना खोली बाहेर काढली गेली, त्यामुळे एका बाजूवर ताण येऊन शाफ्ट व गिअर निकामी झाले, वगैरे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बोल्टचा शब्दच नव्हता. मुरमावर गाडी लावायला कोण म्हणत होतं, तेही नव्हतं. आणि गाडी समतल करण्याचं काम कोणाचं, हे सांगायची गरजच नव्हती.

सेक्रेटरींनी तुळशीरामला माझ्यासमोर बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, गाडी सम होती का? तो म्हणाला, "नव्हती." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिल्यासारखं. मी टेबलावरच्या कागदांकडे बघत होतो. नोकरीवरून काढल्याचं पत्र त्याला तिथंच मिळालं, कारण निष्काळजीपणा. इंदोऱ्याचा मेश्राम ड्रायव्हर आणि धंतोलीत राहणारा देशकर, यात कोणावर विश्वास बसेल हे मला आधीच ठाऊक होतं. मी त्या गोष्टीवरच विसंबलो होतो. लोक म्हणतात, भीतीनं माणूस असं करतो. भीती होती, पण हिशेबही होता.

नंतर दुसरे ड्रायव्हर आले. काचेची लेव्हल लावायचे. बस पुढे बरीच वर्षं चालली. पिन तुटली की मी थांबायचो, गाडीखालून बाहेर यायचो आणि जमीन पाहायचो. संस्थेत माझं नाव झालं, की देशकर पिनवरून सगळं ओळखतात. कोणाकडून शिकलात, असं कोणी विचारलं नाही.

दहा-बारा वर्षांनी, ऐंशीच्या दशकात, घरचा कूलर बिघडला म्हणून तो रिक्षात घालून मी जरीपटका भागात गेलो. बाजारात एका टपरीवर कूलरचा सांगाडा उलटा घेऊन एक माणूस पंख्याच्या शाफ्टवर बोट ठेवून तो हातानं फिरवत होता. त्या बोट ठेवण्यावरून मी ओळखलं. त्यानंही मला ओळखलं. उठला, पुठ्ठ्याचं खोकं पालथं करून मला बसवलं, चहा सांगितला. पोरीच्या लग्नाचं सांगितलं. मग बसबद्दल विचारलं. खोली चालते का, पट्ट्या बदलल्या का, आता लेव्हल कोण करते. मी सगळं सांगत गेलो. तासभर आम्ही त्या खोलीबद्दलच बोललो, जणू दोघांच्या नात्यातली कोणी होती. कूलर त्यानं तेवढ्यात नीट करून ठेवला.

मनात मी वाक्य जुळवत होतो. आता बोलू, चहा संपला की बोलू. तेवढ्यात तोच म्हणाला, "साहेब, एक गोष्ट विचारायची राहून गेली होती. रिपोर्टात तुमी बोल्टाचं लिहिलं होतं ना?"

मी रिकामा कप खाली ठेवला.

"तुमी तर लिहिलंच असन. मी घरी तेच सांगतो. साहेबानं खरं लिहून देलं होतं, वरच्यांनी मानलं नाही. म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. तुमच्या कामाची गोष्ट मी काहून सांगू?"

मी म्हणालो, "हो. लिहिलं होतं."

त्यानं मान हलवली. समाधानानं. कूलर रिक्षात चढवून दिला आणि वायरचं टोक नीट गुंडाळून माझ्या हातात ठेवलं.

पहिल्या लबाडीनं त्याची नोकरी गेली होती. या दुसऱ्या लबाडीनं काय गेलं ते मला आजही नीट मांडता येत नाही. रिटायर झाल्यावर मी ठरवून पुन्हा गेलो. टपरी त्याचा जावई चालवत होता. तुळशीराम आदल्या उन्हाळ्यात वारला होता. जावयानं घरी नेलं. मुलीनं पाणी दिलं, माझं नाव ऐकून नवऱ्याला म्हणाली, "बाबा सांगत नव्हते का, एक साहेब होता ज्यानं खरं लिहून देलं? हेच ते." तिनं मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला आणि घरी आलो.

तिच्यासमोर जे बोलायचं होतं ते इथं लिहितो. ती हा अंक वाचेल की नाही, मला माहीत नाही.

तुळशीरामभाऊ, बोल्ट मी घातला होता आणि मीच लपवला होता. गाडी मुरमावर लावा असं तुम्ही म्हणाला होतात, एक तास मागितला होतात, यातलं मी काहीही लिहिलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो. यंत्र मी मोडलं आणि खोली तुम्ही सरळ केलीत. मला माफ करा.